साळुंकीने बदललेली हाक

पाखरं एकमेकांच्या हाकेवर विसंबून उडत, तेव्हाची ही गोष्ट. खिंडीतल्या जांभळीवर एक साळुंकी राहायची. म्हाताऱ्या धनेशाने तिला एक हाक शिकवली होती, "उंबर पिकलाय, दोन डोंगर पलीकडे!" ती ऐकून जितकी पाखरं तिकडे वळत, तितकी फळं धनेश तिला आणून देई.

पण दोन डोंगर म्हटलं की पाखरं पाठ फिरवत. साळुंकीने धनेशाला न विचारताच हाक बदलली, "उंबर पिकलाय, इथेच पलीकडे!" मग थव्यांमागून थवे वळू लागले.

एका दुपारी पिलाला घेऊन आलेली हरियल विसावा न घेताच पुढे गेली. संध्याकाळी ती एकटीच परतली.

"दुसऱ्या डोंगरावर पंख थकले गं त्याचे, दरीत कोसळलं आणि गेलं ते," ती म्हणाली. "तू इथेच म्हणाली होतीस ना?"

साळुंकी रडत धनेशाकडे गेली. "काका, हाक मी बदलली."

धनेश म्हणाला, "आवाज तुझा होता, पोरी, पण शब्द माझा होता. बदलण्याआधी मला विचारायचं होतंस."

त्याने हाक काढून घेतली नाही. पण आता कुणी थवा खिंडीत आला, की साळुंकी आधी म्हणते, "बसा, पाणी प्या. उंबर फार लांब आहे."