जवसाचं जेल आणि ओला अंतरपाट

एका गावात एक भोळा नवरा होता. नवरे सगळ्याच गावांत असतात आणि लग्नानंतर त्यातले बरेचसे भोळे होतात, पण हा लग्नाच्या आधीपासूनच होता. नाव येसबा. उंची चांगली बाभळीएवढी. कुणी काही सांगितलं की तो ते करायचा. अगदी तेच करायचा. तेवढंच करायचा. अडचण सगळी तिथेच होती.

त्याची बायको हौसा मात्र हुशार. गावातल्या बायका तेव्हा एका नव्या नादाला लागल्या होत्या. पूर्वी जवसाची चटणी भाकरीवर घेत, आता जवस डोक्यावर घेऊ लागल्या होत्या. मोबाइलमध्ये कुणी सांगितलं होतं की जवस उकळून त्याचं जेल केलं आणि केसांना लावलं, की केस हवे तसे वळतात आणि वळलेले राहतात. हौसाचं जेल सगळ्यांत चांगलं जमायचं. त्यात ती कोरफडीचा गर घालायची, जास्वंदीच्या पाकळ्या घालायची. शहरातल्या बाया खेड्यातलं हवं म्हणायच्या, खेड्यातल्या बाया शहरातलं हवं म्हणायच्या, आणि हौसाचं जेल दोघींनाही आपापलं वाटायचं.

अशात सरपंचांच्या मोनालीचं लग्न ठरलं. नवऱ्या मुलाची मावशी शैलजा मॅडम. त्यांचं शहरात तीन मजली पार्लर होतं. त्यांनी हौसाला बोलावून सांगितलं, "नवरीचे केस तुमच्या जेलने बसवा. अंतरपाट दूर झाला की मी आधी केस बघणार, मग नवरी. केस आवडले तर माझ्या पार्लरला दर महिन्याला तुमचंच जेल."

हौसाला त्या रात्री झोप लागली नाही. वर्षानुवर्षं ती लोकांचे कांदे काढत होती. ही ऑर्डर मिळाली तर पाठ सरळ करून स्वतःच्या चुलीपाशी बसता येणार होतं. तिला ती ऑर्डर हवी होती, फार हवी होती.

हळदीच्या दिवशी सकाळी तिने चुलीवर जवस चढवले आणि येसबाला म्हणाली, "अवो, मी पानी घिऊन येते. पातेल्यावरची नजर काडू नगा."

येसबाने नजर काढली नाही. जवस उकळले, तो बघत होता. पांढरा फेस आला, तो बघत होता. फेसाचा लगदा झाला, लगद्याचा कोळसा झाला, धूर त्याच्या डोळ्यांत गेला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तरी बघत होता.

हौसा हंडा घेऊन आली आणि दारातच थांबली. "अवो, करपलं की समदं!"

"व्हय," येसबा म्हणाला. "मी बगितलं करपताना."

हौसाने कपाळाला हात लावला. "निस्तं बगायचं आसतं व्हय? फेस आला, बोटाला तार आली, की गरमगरम गाळून घ्यायचं. स्वच्छ, पांढऱ्या, सुती फडक्यातनं. थंड झालं का मग काय बी गळत न्हाई."

"आस्सं," येसबा म्हणाला. "म्होरल्या टायमाला ध्यानात ठिवतो."

आणि त्याने ठेवलं. येसबाची हीच तर कमाल होती, तो काही विसरत नसे.

दुपारी सरपंचांच्या दारी हळदीची पंगत होती. आचाऱ्याला माणूस कमी पडला. त्याने येसबाला वरणाच्या पातेल्यापाशी उभं केलं आणि आपण भात वाढायला गेला. वरणाला उकळी आली. वर पांढरा फेस आला. येसबाने बोट बुडवून बघितलं. तार काही आली नाही, बोट तेवढं भाजलं. पण फेस तर आला होता. त्याने कमरेचं स्वच्छ पांढरं फडकं काढलं, हौसाचं जेल गाळायचं, आणि गरमगरम वरण गाळून घेतलं.

डाळ फडक्यात राहिली. ती त्याने नीट पिळून म्हशीला घातली. खालचं पिवळं पाणी पंगतीत वाढलं.

पाव्हणे भातावरचं पाणी बघू लागले. एक म्हातारे पाव्हणे म्हणाले, "शहराकडं हल्ली आसंच जेवत्यात म्हनं. पचायला हलकं." मग सगळ्यांनी माना डोलावल्या आणि जेवले. उपाशी उठले, पण कुणी कबूल केलं नाही.

आचारी मात्र येसबाच्या अंगावर धावून गेला. "आरं येड्या, वरन गाळत्यात का? वरन आलं की त्येच्यावर तुपाची धार सोडायची आन गुमान फुडं सरकायचं!"

"आस्सं," येसबा म्हणाला. "म्होरल्या टायमाला ध्यानात ठिवतो."

संध्याकाळी सरपंचीणबाई हौसाच्या घरी आल्या. लेकीच्या लग्नात आपलेही केस वळलेले दिसावेत अशी त्यांची इच्छा होती, आणि उद्या फजिती नको म्हणून आजच एकदा बघून घ्यावं असा बेत होता. हौसा कोरफड कापायला परसात गेली होती.

"येसबा," बाई पाटावर बसत म्हणाल्या, "आलेय मी. चल, सोड वरनं काय सोडायचं ते."

बाई आल्या होत्या. आता काय करायचं ते येसबाला नेमकं माहीत होतं. त्याने शिंक्यावरची तुपाची वाटी काढली, तूप चुलीवर पातळ केलं, बाईंच्या टाळूवर धार सोडली आणि गुमान पुढे सरकला.

बाईंनी डोळे मिटून घेतले. तूप कपाळावरून नाकावर आलं, नाकावरून नव्या पातळावर. "घरचंच आहे ना रे?" त्यांनी विचारलं.

"घरचंच. आपल्या गाईचं."

"तेच म्हटलं. वास येतोय." बाईंना बरं वाटलं होतं. पण तेवढ्यात गल्लीतली दोन मांजरं आत आली आणि बाईंच्या पदरापाशी बसून चाटू लागली, तशा बाई किंचाळल्या.

हौसा धावत आली. तिने बाईंचं डोकं शिकेकाईने धुतलं, जेल लावलं, बटा वळवल्या आणि वरून फडकं घट्ट बांधलं. मग आंबोण ठेवायला गोठ्यात गेली. फडकं ओलं होतं, थंडी वाजू लागली. बाई म्हणाल्या, "येसबा, सोड रे बाबा हे." येसबाने सोडलं. केस असे काही फिसकारले की बाईंनी आरशात बघितलं आणि आरसाच पालथा ठेवला.

हौसा त्या रात्री रडवेली झाली. तिने येसबाला समोर बसवलं आणि एकेक शब्द ठासून सांगितला. "आयका. फडकं वलं हाय तवर सोडायचं न्हाई. सरपंचीन म्हनू दे, बामन म्हनू दे, मी सोता येऊन वरडले तरी बी न्हाई. हात लावून बगायचं. वाळलं, की मंग सोडायचं. वल्लं आसताना जो सोडतो, त्यो समद्याचा इस्कोट करतो. कळलं?"

"कळलं," येसबा म्हणाला. "वल्लं आसंल तवर सोडायचं न्हाई. तू वरडलीस तरी."

हौसाला वाटलं, एवढं सोपं आहे, यात आता काय चुकणार!

लग्नाच्या दिवशी ती पहाटेच मोनालीचे केस विंचरायला बसली. ताजं जेल गाळून आणायला येसबाला आचाऱ्याच्या चुलीवर पाठवलं. फेस आला. तार आली. गरमगरम गाळायची वेळ झाली. येसबाने कमरेला हात घातला, तर जेलाचं फडकं वरणाने पिवळंजर्द झालेलं. हौसाने सांगितलं होतं, स्वच्छ, पांढरं, सुती. येसबाने मांडवभर नजर फिरवली. गुरुजी आंघोळीला गेले होते. त्यांची पिशवी उघडी होती आणि पिशवीत घडी घातलेलं एक फडकं होतं. स्वच्छ. पांढरं. सुती. मधोमध कुंकवाचं स्वस्तिक.

येसबाने त्यातून जेल गाळलं, फडकं पिळलं, घडी घातली आणि जागच्या जागी ठेवून दिलं. दुसऱ्याची वस्तू जागेवर ठेवावी, एवढं त्याला कळत होतं.

जेलाला गुलाबी झाक आली होती. हौसाला वाटलं जास्वंदीची. तिने ते मोनालीच्या केसांना लावलं, आणि काय केस बसले! एकेक बट वळली आणि वळली तिथेच थांबली. फडकं बांधलं, वाळल्यावर सोडलं, तरी जागची हलली नाही. हौसाने दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं, आपल्याला काहीतरी येतं.

मुहूर्त जवळ आला. गुरुजींनी अंतरपाट काढला, तर तो ओला आणि बुळबुळीत. पण दुसरा आणायला वेळ कुठे होता? नवरीचा मामा कुठे दिसेना. गुरुजींनी एका बाजूला नवऱ्याच्या मावसभावाला उभं केलं आणि दुसऱ्या बाजूसाठी उंच माणूस शोधला. सगळ्यांत उंच येसबाच होता.

मंगलाष्टकं झाली. वाजंत्रीवाले गाल फुगवून तयार. शैलजा मॅडम मान लांब करून तयार. हौसा खांबाला धरून, श्वास रोखून तयार.

"सावधान!" गुरुजी म्हणाले. "सोडा अंतरपाट."

मावसभावाने सोडला. येसबाने हात लावून बघितला. ओला होता. त्याने लांब हात करून मावसभावाचंही टोक पकडलं आणि अंतरपाट ताणून उभा राहिला.

"अहो, सोडा," गुरुजी म्हणाले.

"वल्ला हाय," येसबा म्हणाला.

"असू दे ओला. सोड!"

"बामन म्हनला तरी न्हाई."

लोकांना वाटलं मुहूर्त झालाच. त्यांनी अक्षता टाकल्या. कुणीतरी म्हणालं, अजून नाही. मग पुन्हा टाकल्या. सरपंचीणबाई आल्या, ओरडल्या. येसबा म्हणाला, "सरपंचीन म्हनली तरी न्हाई." चार जणांनी ओढून बघितलं. अंतरपाट बुळबुळीत, हात निसटून चौघे एकमेकांवर पडले. शेवटी हौसा धावत आली.

"अवो, सोडा की! पाया पडते तुमच्या!"

येसबा तिच्याकडे बघून समजूतदारपणे हसला. "तू वरडलीस तरी न्हाई. ध्यानात हाय माझ्या."



मुहूर्त टळायला आला, तसं गुरुजींनी खांद्यावरचं उपरणं काढलं, नवरा-नवरीला चार पावलं बाजूला नेलं आणि उपरण्याचा अंतरपाट करून लग्न लावून टाकलं. पुन्हा अक्षता. पुन्हा टाळ्या. येसबा आपल्या जागी, आपला अंतरपाट ताणून. त्याच्या पलीकडे आता कुणीच नव्हतं.

शैलजा मॅडमनी नवरीचे केस बघितले. केस बसले होते, यात शंकाच नव्हती. पण टाकलेल्या सगळ्या अक्षताही तिथेच बसल्या होत्या. एक दाणा खाली पडला नव्हता. मोनालीचं डोकं साबुदाणा वड्यासारखं दिसत होतं.

"चिकटतंय फार," मॅडम म्हणाल्या. "आमच्या क्लायंट्सना नाही चालणार हे. सॉरी हं." आणि जेवायला गेल्या.

हौसा मांडवाच्या मागे जाऊन बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. तिला येसबाचा राग आला होता, फार आला होता. त्याहून जास्त राग स्वतःचा आला होता, कारण येसबाने तिचा एकही शब्द मोडला नव्हता.

पंगती उठत आल्या. ऊन डोक्यावर आलं. येसबाने हात लावून बघितलं. अंतरपाट खडखडीत वाळला होता.

"वाळला!" तो ओरडला. "गुरुजी, म्हना आता सावधान! बलवा नवरा-नवरीला!" आणि त्याने अंतरपाट सोडला.

अंतरपाट पडला नाही. तसाच उभा राहिला. येसबा बाजूला झाला, तरी उभाच. कुंकवाच्या स्वस्तिकासकट, दार उभं असावं तसा.

शैलजा मॅडम जेवून, हात धुऊन गाडीकडे निघाल्या होत्या. त्या थबकल्या. जवळ आल्या. नखाने टकटक करून बघितलं. "माय गॉड! काय होल्ड आहे! यात नेमकं काय आहे?"

"जेल गाळलंय ह्यातनं. जवस, कोरफड, कुंकू," येसबा म्हणाला. "आन कुणाच्या डोक्यात उरलं आसंल तर तूप."

"म्हणजे सगळं नॅचरल!" मॅडमचे डोळे चकाकले. "गाळलं कुणी?"

"म्या."

हौसा डोळे पुसत, धडपडत पुढे आली. मॅडम म्हणाल्या, "बाई, अक्षतांचं मी बघून घेते. राइस ट्रीटमेंट म्हणून वेगळं नाव देईन. ऑर्डर तुमचीच. पण गाळायचं मात्र यांनीच, आणि याच कापडातून."

"ते कापड माझं आहे!" पंगतीतून गुरुजी ओरडले, पण तोंडात जिलबी असल्यामुळे ते कुणाला कळलं नाही.

हौसाला हसू का रडू समजेना. ती येसबाच्या कानात म्हणाली, "व्हय म्हना. बाकी काय बी करू नगा."

"व्हय," येसबा म्हणाला.

मॅडम खूश झाल्या. शहरी रीतीप्रमाणे त्यांनी हात पुढे केला. नुकताच धुतलेला. येसबाने तो हातात घेतला, आणि त्याचा चेहरा गंभीर झाला.

"ठीक आहे, येते मी," मॅडम म्हणाल्या. "सोडा आता हात. अहो, सोडा!"

येसबाने हौसाकडे बघून समजूतदारपणे मान हलवली आणि पकड आणखी घट्ट केली.

"वल्ला हाय."