उंबराखालची पानं

"अजून किती दिवस माझ्या मागं चालणार, बाबा?"

कोंडाजीनं मान न वळवता विचारलं. नजर पावलापुढं. नेहमीसारखी.

सोमगीर बाबांच्या मठाची एक रीत होती. पायाखाली जीव मरू द्यायचा नाही. भिक्षेला निघताना नवा शिष्य पुढं, गुरू मागं. गुरूची खात्री पटली की शिष्य सुटला. मग त्यानं एकट्यानं हिंडावं.

कोंडाजीबरोबरचे सगळे सुटले होते. तो राहिला होता. ते त्याला लागलं होतं.

"माझ्या पायाखाली मुंगी मेलेली पाहिलीत?"

"नाही."

"गोगलगाय?"

"नाही."

"तो नामाजी चालताना जांभया देतो. त्याला सोडलंत."

"देतो खरा."

"मग माझ्यात कमी काय?"

"तेच बघतोय…"

भाद्रपद सरत आला होता. ऊन तापलं होतं. डोंगर उतरताना वाटेवर उंबर लागला. खाली कुजलेली उंबरं आणि पाचोळा. आंबूस वास सुटलेला.

कोंडाजीनं वाकून पाहिलं. मुंग्यांची रांग जपून ओलांडली. पुढं नुसती पानं होती. त्यानं पाऊल उचललं.

"काय आहे तिथं?"

"पानं."

"नीट बघ."

"वाळकी पानं, बाबा. देठासकट. शिरा दिसतात. डोळे आहेत मला!"

बाबा खाली बसले. एका पानावर हलकी फुंकर घातली.

पान उघडलं.

आत निळं होतं. पाऊस उघडल्यावर आभाळ होतं, तसं निळं. त्यावर केशरी पट्टा.

ते मिटलं. पुन्हा पान झालं. कुठलं, ते कोंडाजीला ओळखू येईना.

मग ते उडालं. त्याच्यामागं शेजारचं उठलं. त्यापलीकडचं उठलं. पाचोळ्यातून निळं वर येत राहिलं.

कोंडाजीचं पाऊल हवेतच होतं.

"फुलपाखरं…"

एक त्याच्या नडगीवर बसलं. पंख मिटले. वाळकं पान.

त्यानं श्वास रोखला. हळूच मान वळवून आलेल्या वाटेकडं पाहिलं. वरपर्यंत झाडं होती. झाडांखाली पानं होती. याच वाटेनं तो रोज उतरत होता. छाती काढून.

"बाबा… ती तिकडची पानं…"

बाबांनीही वर पाहिलं.

"मी रोज…"

त्याचा तोल जायला लागला. तरी त्यानं पाऊल टेकवलं नाही. डोळे भरून आले.

"बाबा, मला पाऊल टाकता येत नाही."

बाबा उठले. छाटीची माती झटकली. त्याला वळसा घालून पुढं झाले. इतक्या दिवसांत प्रथमच.

वळून न पाहता म्हणाले,

"ये सावकाश. मी थांबत नाही."