बंद न केलेलं मशीन

"पण सर, फायली समोर आहेत, तरी याला सापडत का नाहीत?"

शार्दूल जवळजवळ ओरडलाच. मुजावर सरांनी खुर्ची ओढली, बसले आणि चष्मा पुसू लागले. निवृत्त माणूस, त्यांना कसली घाई! त्यांच्या या जुन्या विद्यार्थ्याला नेमका त्याचाच राग येत होता.

अंधशाळेत ब्रेलचा नवा प्रिंटर आला होता. तो चालवायचा, तर त्याचं मोड्यूल, म्हणजे त्याला मशीनशी जोडणारा छोटा प्रोग्रॅम, आधी या लिनक्स मशीनवर कंपाइल होऊन तयार व्हायला हवं होतं. उद्या सकाळी दहावीची सराव परीक्षा, आणि प्रश्नपत्रिकेचं एकही पान उमटलेलं नव्हतं. दरवर्षी कुणीतरी पेपर वाचून दाखवतं. "यंदा आमचा पेपर आम्हीच वाचणार ना, दादा?" असं इथंच राहणाऱ्या दहावीतल्या रेवतीनं विचारलं होतं, आणि शार्दूलनं छातीठोकपणे हो म्हटलं होतं.

आता पडद्यावर एकच रड चालली होती. कर्नलच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या, हेडर फायली सापडत नाहीत.

"काय काय केलंस?"

"हेडर पुन्हा पुन्हा उतरवले. मग फोल्डरचं नाव बदललं."

"ते कशाला?"

"मशीन ज्या नावानं शोधतंय, ते नाव दिलं. आवृत्तीचा शेवटचा आकडाच तर वेगळा होता."

"मग?"

"कंपाइल झालं..." शार्दूलचा आवाज खाली आला. "पण कर्नलनं मोड्यूल आत घेतलंच नाही."

सर खुदकन हसले. "दुसऱ्याचं नाव सांगून पाहुणा लग्नात घुसवलास होय! ओळखला ना मांडवात?"

शार्दूलला मुळीच हसू आलं नाही.

"अपडेट कधी केलंस?"

"मागच्या आठवड्यात. नवा कर्नल आला तेव्हा."

"आणि मशीन बंद?"



शाळेत रुजू झाल्यापासून शार्दूलनं हे मशीन एकदाही बंद केलं नव्हतं. किती दिवस अखंड चालू आहे, ते तो आल्यागेल्याला कौतुकानं दाखवायचा. नवा कर्नल डिस्कवर येऊन बसला होता, उतरवलेले हेडर त्याचेच होते, आणि चालत मात्र होता जुनाच. हे सगळं त्याला आत्ता लख्ख कळलं.

"सर, मी जुन्याचे हेडर कुठूनतरी मिळवतो. वेळ लागेल, पण..."

सरांनी कीबोर्ड उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला.

"बंद करून चालू कर."

"आणि उठलंच नाही तर? सर, मी शब्द दिलाय."

"मुलांना दिलायस. मशीनला नाही."

शार्दूलनं माउस धरला. मग डोळे मिटून त्यानं बटण दाबलं.

पडदा काळा झाला. पंखा थांबला. खोलीत इतकी शांतता त्यानं कधी ऐकली नव्हती...

मग पंखा घरघरला. अक्षरं भराभर वर सरकली. या खेपेला कर्नलच्या नावात शेवटचा आकडा नवा होता. सरांनी कीबोर्ड परत दिला. शार्दूलनं फोल्डरचं खोटं नाव काढून टाकलं आणि आज्ञा दिली. एकही चूक न दाखवता मोड्यूल तयार झालं, आणि कर्नलनं ते मुकाट आत घेतलं.

प्रिंटर खडखडू लागला. तो आवाज ऐकून रेवती भिंतीला हात लावत आली. शार्दूलनं चाचणीचं पान तिच्या हातात दिलं. तिनं त्यावरून बोटं फिरवली.

"छान टोचतंय, दादा!"

शार्दूल मटकन खुर्चीत बसला. किती तरी वेळानं त्याला मोकळा श्वास आला, आणि डोळेही भरून आले. ते त्यानं लपवले नाहीत.

"सर, एवढ्या उचापती केल्या..." तो हसत म्हणाला, "आणि शेवटी मी काय केलं? काहीच नाही. नुसतं बंद करून चालू केलं."

सर दाराशी चपला घालत होते.

"तेवढंच तुला जमत नव्हतं."