दोन हिसके

खापरपेठच्या भुयारी मेट्रो स्टेशनात पहिल्यांदा उतरणारा माणूस हमखास चुकतो. एक नंबरच्या दारातून आलात तर ठीक, जिना सरळ तिकीटगेटांशी नेऊन सोडतो. पण दोन नंबरच्या दाराने उतरलात, की वाट नाकासमोर जाता जाता अचानक डावीकडे वळते आणि एका जाड गोल भिंतीला वळसा घालून उजवीकडे परत येते. समोर फलाटाची पाटी दिसत असते, पण तिथवर पोचायला उगाच अर्धी प्रदक्षिणा पडते. शिवाय त्या दाराशी पहिल्या पायरीच्या जागी एक काळा घडीव दगड बसवला आहे. पेठेतली माणसं त्यावर पाय देत नाहीत. कॉलेजच्या मुली, बँकेतले साहेब, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका, सगळे त्या दगडावरून लांब ढांग टाकून खाली उतरतात, आणि बाहेरगावचे बघत राहतात.

स्टेशन बघायला आलेल्या पाहुण्यांना गोदाक्का आधी तो दगड दाखवतात, मग गोल भिंत. गोदाक्का पेठेतल्या सर्वांत वयस्क. गुडघे दुखतात म्हणून सरकत्या जिन्याने येतात, पण गोष्ट उभ्यानेच सांगतात. ती अशी.

तेव्हा इथे स्टेशन नव्हतं, शहरही पुरतं नव्हतं. डोंगरातलं तळं होतं आणि खाली सरदाराचा वाडा. सरदाराने म्हणे नवस केला होता, की डोंगराचं पाणी माझ्या अंगणातल्या कारंजात उडेपर्यंत डोक्यावर पागोटं घालणार नाही. एका माणसाच्या उघड्या डोक्यापायी मग डोंगरापासून वाड्यापर्यंत जमिनीखालून नळ, म्हणजे पाण्याचा बोगदा, खणायला घेतला. वाटेत हवेसाठी जागोजाग उभ्या विहिरी पाडल्या. त्यांना उच्छ्वास म्हणतात. खापरपेठेत शेवटचा उच्छ्वास होता, आणि पेठेत राहत होते ते सगळे खणकरी.

खणकऱ्यांचा एक नियम होता. खाली उतरणाऱ्याचा दोर वर फक्त त्याच्या मेहुण्याने धरायचा. सख्ख्या भावाचा भरवसा नाही, त्याचा जमिनीच्या तुकड्यावर डोळा असू शकतो. पण बायकोचा भाऊ हात सैल सोडणार नाही. आपल्याच बहिणीचं कुंकू कोण पुसेल? खालून दोन हिसके बसले की मेहुण्याने ओढायचं, काही विचारायचं नाही. ह्या नियमावर पेठेतले पुरुष निर्धास्त खाली जात आणि बायका निर्धास्त भाकऱ्या थापत.

तुळसाचा नवरा हैबती हा त्यांच्यातला सर्वांत हुशार खणकरी, आणि त्याचा दोर धरायचा तुळसाचा थोरला भाऊ खंडू. तुळसाला तेव्हा नुकतीच मुलगी झाली होती. पोर रात्रंदिवस रडायची. शेजारणी येऊन सांगून जायच्या, दूध पातळ असेल, दृष्ट लागली असेल, तुला नीट घेता येत नाही. तुळसा प्रत्येकीचं ऐकायची आणि प्रत्येकीचं तिला पटायचं. पोर झोपली तर श्वास चालतोय का बघायला तिला हलवून उठवायची, आणि उठून रडली की स्वतःला दोष देत बसायची. हैबती ओसरीवर झोपायला लागला. पहाटे खाली उतरायचं म्हणजे झोप हवी, एवढंच त्याचं कारण होतं. तुळसाने त्याची दुसरी पन्नास कारणं मनात रचून ठेवली होती.

नळ पुरा होत आला. डोंगराकडून पाणी सोडून ते खडकाच्या एका जाड पडद्यामागे अडवलं होतं, आणि तो पडदा नेमका खापरपेठच्या उच्छ्वासाच्या तळाशी होता. आता तो खालच्या बाजूने फोडायचा, एवढंच काम राहिलं. सरदाराचा कारभारी पेठेत आला आणि त्याने पंचांना बसवून हिशोब समजावला. पडदा फुटला की पाणी उच्छ्वासातून उसळून वर येणार. पेठ खोलगट भागात, घरं बुडणार. म्हणून पडद्याला तडा गेला, की वरून दगडी झाकण सारायचं आणि चुन्याने बंद करायचं. माणूस वर ओढेपर्यंत थांबायला सवड नाही.

माणूस मरेल ह्याचं पंचांना वाईट वाटलं नाही असं नाही, पण त्यांना अडचण वेगळीच दिसत होती. असा दोर सोडायला कोण मेहुणा तयार होईल? आपल्या हाताने बहिणीला विधवा करायचं पाप कोण घेईल?

तोड खंडूनेच काढली, असं सांगतात. आधी काडीमोड करू, म्हणाला. नवरा-बायकोचं नातं तुटलं, की हैबती माझा कुणी नाही आणि तुळसा विधवा होणार नाही. तिचं दुसरं लग्नही लावता येईल. पंचांना हे फार दयाळूपणाचं वाटलं. खंडूची स्वतःची चार पोरं त्याच खोलगट भागात झोपत होती, हेही खरं.

मग खंडू बहिणीकडे गेला. तिला म्हणाला, हैबतीने खालच्या वस्तीत दुसरी बघून ठेवली आहे, पोरगी झाली म्हणून. तिथून हैबतीकडे गेला आणि सांगितलं, तुळसा तुझ्याजवळ नांदायला तयार नाही, लाजेने बोलत नाही. तुळसाला पटवायला फारसे कष्ट पडले नाहीत. ती आधीपासून तेच मानून बसली होती, फक्त कुणीतरी येऊन सांगायचं बाकी होतं. भाऊ खोटं कशाला बोलेल? आणि हैबती मुलखाचा मानी. जिला नको आहे तिला दोनदा विचारायचं नाही, असला त्याचा स्वभाव.

पंचांपुढे दोघं बसली. गवताची काडी आणली. तिने एक टोक धरलं, त्याने दुसरं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. काडी मोडली. पोर तेवढा वेळ, आयुष्यात पहिल्यांदाच, गप्प होती, आणि तुळसाला त्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने खंडूला खांद्यावर दोर टाकून जाताना पाहिलं. तिला आधी बरंच वाटलं. नातं तुटलं तरी दादा हैबतीचा दोर धरतोय, दादा मोठ्या मनाचा. बाळाची दुपटी धुवायला ती उच्छ्वासाच्या बाजूने गेली, तेव्हा तिला दिसलं की दगडी झाकण लाकडी ओंडक्यांवर चढवून अगदी तोंडाशी आणून ठेवलंय. शेजारी घमेल्यात चुना कालवलेला होता. ओला.

माणूस अजून खाली आणि चुना कालवून तयार? कालवलेला चुना थांबत नाही, हे पेठेतलं शेंबडं पोरही जाणतं. ती तिथेच उभी राहिली. जवळच्या एका बाईला तिने विचारलंही. बाई म्हणाली, "बाळंतिणीला असे भास होतात गं. घरी जा, अंगावर वारं घेऊ नकोस." तुळसाला तेही पटलं. आपलंच काहीतरी चुकत असेल, झोप नाही, डोकं ठिकाणावर नाही, म्हणून ती चार पावलं परतली. मग तिने वळून खंडूकडे पाहिलं. खंडूने मान खाली घातली.

त्यानंतर तिने कुणालाच काही विचारलं नाही. पोरीला पदराने पोटाशी बांधलं आणि उच्छ्वासाच्या भिंतीतल्या खोबण्यांत पाय रोवत ती खाली उतरायला लागली. कारभाऱ्याची माणसं धावली, पण ओरडायची कुणाची टाप नव्हती. ओरडलं असतं तर खाली हैबतीला कळलं असतं. खंडूने तिचा दंड धरला. ती त्याच्या हाताला चावली आणि सुटली.

खाली त्यांचं काय बोलणं झालं ते कुणाला ठाऊक नाही. वर फक्त एवढं ऐकू आलं, की घणाचा आवाज थांबला. मग विहिरीतून आवाज घुमतो तसा हैबतीचा आवाज आला.

"तू काडी का मोडलीस?"

आणि तुळसाचा.

"तूच मोडलीस ना?"

हैबतीने घण टाकला होता, पण पडद्याला त्याआधीच तडा गेला होता. वर उभ्या असलेल्यांना पाणी झिरपल्याचा आवाज यायला लागला. आणि दोराला दोन हिसके बसले.

खंडूने ओढलं. ओझं फारच हलकं लागलं. वर आली ती माती काढायची टोपली, आणि तिच्यात लुगड्याच्या चिंध्यांनी घट्ट आवळलेली पोर, जिवाच्या आकांताने रडणारी. खंडूने तिला बाजूला ठेवलं आणि दोर परत खाली सोडला. तेवढं त्याने केलं, असं गोदाक्का आवर्जून सांगतात. दोर तळाला लागला. खाली धो धो आवाज सुरू झाला होता. पुन्हा दोन हिसके बसले. कारभाऱ्याने हात वर केला.

खंडूने दोर सोडून दिला.

ओंडके फिरले, झाकण बसलं, कडेने चुना थापला. दोराचं शेपूट झाकणाच्या फटीतून बाहेर राहिलं होतं. ते हलत होतं. दोन हिसके, मग थांबून पुन्हा दोन. किती वेळ हलत होतं ते गोदाक्का कधीच सांगत नाहीत.

संध्याकाळी सरदाराच्या अंगणात कारंजं उडालं आणि त्याने पागोटं घातलं. पाणी गोड निघालं. शहर ते पिढ्यान्पिढ्या प्यालं. पेठेत कुणी सुतक धरलं नाही, कारण खाली गेलेल्या पुरुषाला बायको नव्हती आणि बाईला नवरा नव्हता. पंच म्हणाले, विधवा न होता गेली, हे तिचं भाग्य.

पोरीला खंडूने वाढवलं. नाव ठेवलं वेणू. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण पेठेतल्या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. ती मोठी झाली, तिचं लग्न झालं, आणि एका वैशाखात नळाला पाणी कमी पडलं. गाळ काढायला झाकण उघडावं लागणार होतं. वेणूचा नवरा उतरायला निघाला, पण तिला सख्खा भाऊ नव्हता, मग दोर धरणार कोण? वेणू म्हणाली, मी धरते. आणि नवऱ्याने नाही, मामाने उतरायचं.

खंडू तोवर म्हातारा झाला होता. वेणूने त्याच्या कमरेला दोर बांधला आणि खाली सोडला. तळाशी जायच्या आधीच, अर्ध्या वाटेवर, त्याला भिंतीवर पाण्याची खूण दिसली. त्या दिवशी पाणी जिथवर चढलं होतं तिथे हिरवट रेघ उमटली होती. ती तोंडापासून खूप खाली होती. पाणी वर आलंच नव्हतं. झाकण नसतं तरी पेठ बुडाली नसती. ओढायला सवड होती. दोघांनाही ओढायला सवड होती.

खंडूने दोराला दोन हिसके दिले. वर वेणू बसून राहिली. तिने त्याला त्या रेघेसमोर टांगून ठेवलं, आणि तिच्या मनाला वाटलं तेव्हा ओढलं.

पुढे दर वैशाख अवसेला ती त्याला तसंच खाली सोडायची. गाळ असो वा नसो. तो दोन हिसके द्यायचा आणि वाट बघायचा. आज ओढेल की नाही, हे त्याला एकदाही ठाऊक नसायचं. तिने दर वेळी ओढलं. हीच त्याची शिक्षा होती, असं पेठेतल्या बायका म्हणतात. एका वर्षी तिने ओढलं आणि दोर हलका लागला. कमरेची गाठ खंडूने स्वतःच सोडली होती.

मेट्रोचं काम आलं तेव्हा इंजिनिअरांना फलाटाची वाट सरळ न्यायची होती. पेठ आडवी पडली. शेवटी उच्छ्वासाला गोल भिंत बांधली आणि वाट वळवली. भिंतीत एक काचेची झरोक्याएवढी खिडकी ठेवली आहे. वाकून पाहिलं, की आतल्या दगडावर ती हिरवट रेघ दिसते. पाहुणे फोटो काढतात. झाकणाचा दगड दाराशी बसवला, आणि त्याच्या कडेला दोराने पडलेली खाच हाताला लागते.

आजही वैशाख अवसेला खापरपेठच्या बहिणी दोन नंबरच्या दाराशी उभ्या राहतात. हातात सुताचा गुंडा असतो. भाऊ सुताचं टोक धरून एकटाच जिना उतरतो, वळसा घालून त्या खिडकीपाशी जातो आणि दोन हिसके देतो. मग उभा राहतो. बहीण सूत ओढेपर्यंत त्याने वर यायचं नाही. खाली रेंज नसते, त्यामुळे फोनही लागत नाही. पहारेकरी नवा असला की हटकतो, जुना असला की तोंड फिरवतो. गाड्या येतात, जातात. वर बहिणी एकमेकींशी गप्पा मारतात, लहान मुलांना कडेवर घेतात, वेळ लावतात.

उतरताना भाऊ चेष्टा करत उतरतात, काय गं, आज विसरू नकोस. वर येताना कुणी चेष्टा करत नाही.