उभी लक्ष्मी

एकदा एक कापडाचा व्यापारी होता. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर व्यापारी म्हटला की आपले श्रोते त्याला लगेच कंस ठरवून मोकळे होतात, आणि मग गोष्ट ऐकण्याचं कारणच उरत नाही. दिवाळीला तो कामावरच्या बायकांना मिठाईचा पुडा देई, पाडव्याला साडी देई, कुणाच्या घरी दुःख झालं तर स्वतः समाचाराला जाई. गावच्या पेठेत त्याचं साड्यांचं दुकान सर्वांत मोठं होतं. गल्ल्यामागच्या भिंतीवर लक्ष्मीची भलीमोठी तसबीर होती, आणि ती त्यानं एकदा परत पाठवून बदलून घेतली होती. चिताऱ्यानं आधी लक्ष्मी उभी काढली होती. व्यापारी म्हणाला, "अरे बाबा, उभी लक्ष्मी कुणी दुकानात ठेवतं का? उभी लक्ष्मी निघून जाते! बसलेली काढून दे." चिताऱ्यानं निमूटपणे कमळावर बसलेली लक्ष्मी काढून दिली.

आता या दुकानाचा एक नियम ऐका. साड्या दाखवणाऱ्या बायकांनी दिवसभरात बसायचं नाही. दुकान उघडल्यापासून कुलूप लागेपर्यंत उभं राहायचं. गिऱ्हाईक असो वा नसो. कपाटाला टेकायचं नाही, टेकलेली बाई आळशी दिसते. पाणी बेतानं प्यायचं, कारण बायकांसाठी मागे सोय नव्हती, आणि सारखं बाहेर जाणं मालकाला खपत नसे. हा नियम काही त्यानं एकट्यानं काढलेला नव्हता, सगळ्या पेठेत तोच होता. बसलेली बाई दिसली की गिऱ्हाईक पाठ फिरवतं, असं सगळे व्यापारी म्हणत. असं पाठ फिरवलेलं गिऱ्हाईक कुणी पाहिलं होतं का? नाही. पण आपल्याकडे नियम पाळायला कुणी काही पाहावं लागत नाही.

त्या दुकानात बाई टिकत नसे. आज ठेवलेली चार महिन्यांत सोडून जाई. अनसूया मात्र कित्येक वर्षं टिकली होती. घरी दोन मुलं, अंथरुणाला खिळलेली सासू, आणि कमावणारी ती एकटी. टिकणार नाही तर काय करणार?

एके दिवशी एका श्रीमंत बाईंनी तिच्याकडून ढीगभर साड्या उलगडून घेतल्या, सगळ्यांना नाकं मुरडली आणि म्हणाल्या, "चला, उगाच पाय दुखवले." त्या बसल्या होत्या, बरं का! गादीवर, लोडाला टेकून! अनसूयाच्या तोंडून निघून गेलं, "मग घरीच बसायचं होतंत!" आणि हातातली साडी तिनं जमिनीवर टाकली.

झालं. पेठेत बोभाटा झाला. "अनसूयाचं डोकं फिरलंय." व्यापारी तिला म्हणाला, "बाई, येत्या पौर्णिमेपर्यंत मन ताळ्यावर आण. नाहीतर मला तुला ठेवता येणार नाही." ही नोकरी गेली असती तर दुसरी मिळणार नव्हती. डोकं फिरलेली म्हणून एकदा नाव झालेल्या बाईला त्या पेठेत कुणी झाडू मारायलाही ठेवलं नसतं. अनसूयाला हे पुरतं ठाऊक होतं.

गावाबाहेर नदीकाठी एक वृद्ध गुरुजी राहत. मनाचं दुखणं घेऊन लोक त्यांच्याकडे जात. व्यापारी तिला तिथं घेऊन गेला. म्हटलं ना, माणूस वाईट नव्हता. गुरुजींचा एक शिष्य होता, मोठ्या शहरात राहून मनःशांतीचं शास्त्र शिकून नुकताच परतलेला. त्याचा उत्साह असा दांडगा होता, की गुरुजींनी "बघ बाबा" म्हणण्याआधीच त्यानं अनसूयाला हाती घेतलं.

"ताई, मन चंचल असतं. त्याला श्वासाच्या दोरीनं बांधायचं. रोज सकाळी स्वस्थ बसून, डोळे मिटून, दीर्घ श्वास घ्यायचा."

"बसू कधी, दादा?"

"वेळ काढायचा असतो, ताई. वेळ मिळत नसतो."

अशी उत्तरं कुठं शिकवतात, कोण जाणे. अनसूया बिचारी घरी पोळ्या लाटता लाटता श्वास मोजू लागली. एक दिवस पोळी करपली म्हणून पोराच्या पाठीत धपाटा घातला, आणि मग त्याला पोटाशी धरून रडत बसली. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "दादा, माझ्यानं होत नाही. मी खरंच वेडी झाले का हो?" शिष्यानं श्वास आणखी दीर्घ करायला सांगितला.

पाठोपाठ पेठेतल्या दुसऱ्या बायका येऊ लागल्या. एकीला झोप नव्हती. एक साड्यांच्या घड्या घालता घालता विनाकारण रडे. एकीला देवळातली घंटासुद्धा सहन होईना. शिष्य सगळ्यांना श्वास शिकवून दमला. शेवटी गुरुजींना म्हणाला, "या पेठेतल्या बायकांची मनं फारच दुबळी आहेत हो."

गुरुजी शेंगा सोलत होते. त्यांनी हातातली शेंग खाली टाकली.

"सगळ्यांची? एकाच पेठेतल्या? एकदम?"

"हो ना. आश्चर्यच आहे."

"आश्चर्य तुझं आहे! अरे, घरात एकजण खोकला तर त्याचा घसा बघावा. सगळी आळी खोकायला लागली तर कुठं काय जळतंय ते बघायला नको? त्या दिवसभर करतात काय, हे विचारलंस का कधी?"

शिष्यानं विचारलं नव्हतं. गुरुजींनी अनसूयाला बोलावून विचारलं आणि सगळं ऐकून घेतलं.

पौर्णिमा आली. व्यापाऱ्यानं दुकानात गुरुजींचं प्रवचन ठेवलं. विषय मनःशांती. अशी प्रवचनं आजकाल कुठं नसतात? माणसाला आधी भट्टीत घालायचं, आणि मग थंड कसं राहावं यावर व्याख्यान ठेवायचं, वर हार-तुरे! गुरुजींनी एकच अट घातली होती. पेठेतले झाडून सगळे कापडव्यापारी आले पाहिजेत. ते आले. समोर गाद्या-तक्के मांडले, गुरुजींसाठी उंच आसन केलं, आणि बायका नेहमीप्रमाणे मागे कपाटांपाशी उभ्या राहिल्या. अनसूया अगदी कडेला होती. प्रवचन संपल्यावर तिचा निकाल लागायचा होता.

गुरुजी आले. सगळे उठून उभे राहिले. व्यापाऱ्यानं हात जोडून म्हटलं, "गुरुजी, बसावं."

"नको, मी उभाच बरा," गुरुजी म्हणाले, आणि उभ्यानंच बोलू लागले.

आता पंचाईत बघा. आपल्याकडे वडीलधारा माणूस उभा असताना कुणी बसत नाही. ऐंशीच्या घरातला म्हातारा, त्यात गुरू, काठीसुद्धा न घेता उभा. कोण बसणार? गाद्या रिकाम्या पडल्या आणि सगळी पेठ आपापली पोटं सांभाळत उभी राहिली.

गुरुजींनी मन म्हणजे काय यापासून आरंभ केला. मग ते मनाच्या वृत्तींवर आले. मग एक कथा सांगितली, कथेत उपकथा काढली, उपकथेतल्या राजाच्या आजोबांची हकिकत सुरू केली. ऊन खिडकीतून आत आलं. कुणी डाव्या पायावरून उजव्यावर येई, कुणी उजव्यावरून डाव्यावर. शिष्य धावत खुर्ची घेऊन आला, त्याच्याकडे गुरुजींनी असं पाहिलं की तो खुर्चीसकट मागे गेला.

यजमान व्यापारी हळूच गल्ल्याला टेकला.

"शेटजी, टेकू नका," गुरुजी बोलता बोलता म्हणाले. "आळशीपणाचं दिसतं."

मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि पदर तोंडाला लावला.

थोड्या वेळानं एका व्यापाऱ्यानं पाणी मागितलं. गुरुजी म्हणाले, "बेतानं प्या हो. मग सारखं बाहेर जावं लागतं." आता मागच्या बायका हसत नव्हत्या. त्या एकमेकींकडे बघत होत्या.

राजाचे आजोबा काही केल्या मरेनात. इतक्यात चहाचं तबक घेऊन आलेल्या नोकराचा धक्का यजमानाला लागला, आणि तो कडाडला, "डोळे फुटले का रे तुझे? चालता येत नाही?" कपबशा खळकन फुटल्या. मग तो तसाच गुरुजींकडे वळला. "आणि गुरुजी, तुम्हीसुद्धा! बसायचं नव्हतं तर आलात कशाला? आमच्या पायांचे तुकडे पडायची वेळ आली!"

व्यापाऱ्याचं त्यालाच कळलं. त्यानं जीभ चावली.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "शेटजी, दीर्घ श्वास घ्या."

शिष्याची मान खाली गेली.

"घ्या ना. आमच्या या विद्वानानं तुमच्या अनसूयाला तेच सांगितलं. तिचं डोकं फिरलं म्हणालात. तुमचं फिरायला एक सकाळ पुरली, आणि ती वर्षानुवर्षं उभी आहे. मन काय हवेत लोंबकळतं का हो? ते याच देहात राहतं, याच पायांवर उभं असतं. पाय सुजलेली, दिवसभर लघवी दाबून धरलेली, तोंडानं 'या ताई, बसा ताई' म्हणणारी बाई घरी जाऊन पोराला मारणार नाही तर काय ओव्या गाणार? या सगळ्या जणी माझ्याकडे मनाचं दुखणं म्हणून येतात. मी कंटाळलो आहे! दुखणं तुमच्या दुकानात तयार होतं आणि औषध माझ्याकडे मागता. वर तिलाच म्हणता, तू दुबळी."

व्यापारी पुटपुटला, "पण गुरुजी, मी एकट्यानं बसू दिलं तर शेजारचा म्हणेल..."

"शेजारचा इथंच उभा आहे. म्हणून तर सगळ्यांना बोलावलं. विचारा त्याला, पाय कसे आहेत."

शेजारचा व्यापारी घाम पुसत होता.

गुरुजींनी भिंतीकडे बोट केलं. "ही तसबीर तुम्ही बदलून घेतलीत म्हणे. उभी लक्ष्मी निघून जाते म्हणून. अहो, कागदावरची लक्ष्मी जाईल याचा केवढा घोर! आणि तिच्यासमोर या चालत्याबोलत्या लक्ष्म्या उभ्या करून ठेवल्यात. मग बाई टिकत नाही म्हणून गावभर सांगत फिरता."

एवढं बोलेपर्यंत गुरुजींचे पाय मात्र थकले होते. ते सोंग नव्हतं.

व्यापारी तसबिरीकडे पाहत राहिला. मग त्यानं आपल्या गादीवरचा तक्क्या स्वतः उचलला, अनसूयापाशी नेऊन ठेवला आणि म्हणाला, "बस, बाई. उद्यापासून प्रत्येकीला बसायला मिळेल. आणि मागची सोयही करून घेतो."

अनसूया हलली नाही. "कामाचं काय, शेट? काढणार होता ना?"

"कोण काढतंय?" तो ओशाळून म्हणाला. "बस आता."

"गुरुजी उभे असताना कशी बसू?"

"तू बसल्याशिवाय मी बसत नाही," गुरुजी म्हणाले.

"असं कसं? तुम्ही मोठे."

"पोरी, हट्ट करू नकोस. मला आता खरंच उभं राहवत नाही गं."

तेव्हा अनसूया पुढं झाली. तिनं म्हाताऱ्याच्या दंडाला धरलं, आणि दोघंही एकदमच, सावकाश, खाली बसली. उंच आसन तसंच रिकामं राहिलं. मग एक एक करून मागच्या बायका बसल्या, आणि सर्वांत शेवटी व्यापारी.

शिष्य अनसूयाजवळ आला. सवयीनं त्यानं तोंड उघडलं होतं, आता दीर्घ श्वास घ्या म्हणून सांगण्यासाठी. पण तिनं पाय लांब केले होते, डोळे मिटले होते, आणि तिच्या छातीतून एक लांबलचक श्वास कुणीही न सांगता बाहेर पडला. शिष्यानं तोंड मिटलं आणि तोही मुकाट्यानं खाली बसला.

तेव्हा मंडळी, कुणाला मन शांत ठेवा म्हणून सांगायला जाल, तर आधी एवढं बघून घ्या, की त्याला बसायला जागा कुणी ठेवली आहे का.