चित्राबरहुकूम शिकार

"यंदाची शिकार भिवबा बांगराच्या हरभऱ्यातून!" निंबसरच्या महाराजांनी फर्मान काढलं आणि भिवबाच्या तोंडचं पाणी पळालं.

सगळा घोळ एका चित्राचा! विलायतेहून आलेलं, चांगलं भिंतभर. हिरवंगार रान, तांबड्या कोटातले घोडेस्वार, ओठांशी शिंग धरलेला एक साहेब आणि कुंपणात नाकं खुपसून उभी असलेली शिकारी कुत्री. महाराज त्यावर असे भाळले की त्यांना जेवण गोड लागेना. अशीच शिकार हवी! पण पौष सरत आलेला, रान पिवळं पडलेलं. हिरवा होता तो फक्त भिवबाचा हरभरा, घाट्यांनी लगडलेला.

भिवबाची लेक येसू तडक राजवाड्यावर गेली.

"सरकार, वरीसभराचं खाणं हाय ते आमचं. त्यात घोडी घातली तर आमी काय माती खायाची?"

महाराज दुष्ट नव्हते, पण हट्टी आणि थट्टेखोर! ते म्हणाले, "मग तूच घडव शिकार. या चित्रातल्यासारखी, हुबेहूब! तसूभर फरक नको, आणि हरभऱ्याचं एक रोपही मोडता कामा नये. जमलं तर शेत वाचलं. नाही तर घोडे घातलेच म्हणून समज!"

दरबारी खो खो हसले. येसू हसली नाही.

"तसूभर बी फरक नको न्हवं? मग मला ते चितार बघू द्या."

ती चित्रापुढे जी फतकल मारून बसली, ती दिवेलागणीलाच उठली.

शिकारीच्या दिवशी शेताच्या कडेला बोराटीचं कुंपण तयार होतं. येसूनं त्यात सुकट दडवून ठेवली होती. वास येताच महाराजांच्या कुत्र्यांनी कुंपणात नाकं खुपसली ती काढीचनात! तांबडे लोकरी कोट घालून स्वार घामाघूम उभे होते. कारभाऱ्यांनी शिंग ओठांशी धरलं होतं.

"वा! अगदी तेच चित्र!" महाराज घोड्यावरून ओरडले. "हं, वाजवा शिंग! उडवा घोडे!"

"थांबा सरकार!" येसू आडवी आली. "फरक पडंल!"

"कसला फरक?"

"मी दिसभर बसून बघितलं की! साहेबाचं शिंग वाजलं न्हाई, कुत्र्यानं नाक काढलं न्हाई, घोड्यानं पाऊल टाकलं न्हाई. तुमची शिकार हुबेहूब झाली, अन् माझं रोप बी मोडलं न्हाई. चितारातलं घोडं ज्या दिशी कुंपण वलांडंल, त्या दिशी सरकारांनी बी खुशाल वलांडावं!"

कारभाऱ्यांच्या हातून शिंग गळून पडलं. महाराजांनी डोळे वटारले, मिशी थरथरली, आणि मग ते असे हसत सुटले की घोडाच बुजला!

"हरलो, पोरी! आजपासून हे शिवार शिकारीला कायमचं बंद." त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिला दिलं. "आता तरी उतरू का मी खाली?"

"उतरा की सरकार! बांधावर हुळा भाजायला घेतलाय."

महाराज बांधावर मांडी घालून बसले आणि हात काळे होईस्तोवर भाजका हरभरा खात राहिले.