केवडाची काळी डबी

धाडकन आवाज झाला आणि चिंचगडचे राजे रायाजीराव दिवाणखान्यात पालथे पडले! पगडी गेली टीव्हीखाली, विडा गेला गालिच्यावर. पाय वायरीत अडकला होता. तुम्ही म्हणाल, राजाकडे टीव्ही कुठला? अहो, गोष्ट माझी आहे, मी त्यात टीव्ही ठेवीन नाहीतर विमान!

झालं होतं असं. राजांना दुपारी जेवण झालं की जुने सिनेमे बघायचा भारी नाद. त्यासाठी वर्षानुवर्षं राजवाड्यातच जेवणाऱ्या त्यांच्या मेहुण्याने, भुजंगरावांनी, सिनेमे लावायचं यंत्र आणलं. यंत्र कसलं, कपाटच ते! आत पंखे, पंख्यांना रंगीत दिवे. सुरू केलं की अशी घरघर, की नायिका काय बोलते ते ऐकूच येईना. दिवाणखान्यात टीव्हीपुरता एकच प्लग, म्हणून याची वायर ओढली थेट मुदपाकखान्यातून. आणि तलवारबाजी रंगात आली की नेमका फ्यूज उडायचा!

"दोष वायरमनचा!" भुजंगरावांनी ठोकून दिलं.

राजवाड्याचा वायरमन धोंडबा हात जोडून उभा राहिला. राजे त्याच्यावरच कडाडले, "उद्या जेवणं व्हायच्या आत मला दुसरं यंत्र हवं! ते दिसता कामा नये. त्याचा आवाज येता कामा नये. आणि त्याची वायर कुठल्याही भिंतीत जाता कामा नये! आजोबांनी रंगवून घेतलेल्या भिंती आहेत या. जमलं नाही, तर नोकरी गेली समज, आणि राहती खोलीही खाली कर!"

"सरकार, विजेशिवाय यंत्र?" धोंडबा रडकुंडीला आला. भुजंगराव मिशीतल्या मिशीत हसले.

राजांसाठी पाणी घेऊन आलेली धोंडबाची मुलगी केवडा पुढे झाली. "सरकार, एक विचारू? या यंत्रावर तुम्ही करता काय?"

"करतो काय म्हणजे? सिनेमे बघतो!"

"आणखी?"

"आणखी काय करू? नांगर जुंपू त्याला?"

"मग झालं तर!" म्हणत केवडा तडक बाजारात गेली.

दुकानदाराने तिच्यापुढे सगळ्यात मोठं खोकं आणून आदळलं. "यावर लढाईचे खेळसुद्धा धावतात, ताई!"

"आमचे राजे खेळत नाहीत हो, सिनेमा बघता बघता घोरतात. पंखा नसलेलं, कमीत कमी वीज खाणारं काय आहे ते दाखवा."

त्याने नाक मुरडत खालच्या खणातून तळहाताएवढी काळी डबी काढली. केवडाने तिच्यावर दुकानातच अख्खा सिनेमा चालवला आणि मग वर हात ठेवून पाहिला. डबी जेमतेम कोमट! तीच तिने उचलली.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकली. दिवाणखान्यात कपाट नाही, वायर नाही, घरघर नाही, आणि टीव्हीवर सिनेमा झकास चालू! राजांनी पलंगाखाली पाहिलं, पडदे झटकले, पगडीसुद्धा झाडली.

"अगं, यंत्र आहे कुठं?"

"दिसता कामा नये, असं तुम्हीच म्हणालात, सरकार!"

केवडाने टीव्ही जरासा फिरवला. पाठीला डबी चिकटवलेली, आणि तिची बोटभर वायर टीव्हीतच खोचलेली. "टीव्ही जेवतो, त्यातलाच घासभर ही खाते. टीव्ही झोपला की हीसुद्धा झोपते."

भुजंगरावांचा तिळपापड झाला. "शी! दुसऱ्याच्या ताटातलं खाणारं फुकटं यंत्र! राजाच्या घरात शोभतं का हे?"

"शोभतं की, मेहुणेसाहेब!" केवडा म्हणाली. "दुसऱ्याच्या ताटात जेवणारे या घरात आधीपासून आहेतच. फक्त ही घरघर करत नाही, कुणाच्या पायात येत नाही, आणि खाल्लेल्या घासाचं काम करते!"

भुजंगरावांच्या सख्ख्या बहिणीने, राणीसाहेबांनीच, तोंडाला पदर लावला आणि राजे असे खो खो हसले, की पगडी पुन्हा टीव्हीखाली गेली!

"धोंडबा, नोकरी तुझी आणि खोलीही कायमची तुझी! केवडा, यापुढे राजवाड्यातलं प्रत्येक यंत्र तू निवडायचंस, आणि रोज दुपारी इथं बसून आमच्याबरोबर सिनेमा बघायचास!"

"आणि त्या कपाटाचं काय करू, सरकार?" धोंडबाने विचारलं.

राजांनी डोळे पुसले. "ते भुजंगरावांना द्या. आणि त्यांना आजच्या आज वेगळी चूल मांडून द्या!"